चौदा नंबरमधल्या दोन गाड्या

शुक्रवारी बेकरीवाला झोपून राहिला आणि माझ्या नवऱ्याचं रक्त अर्धवटच धुतलं गेलं. शनिवारी त्याचे पाय सुजले. बोटाने दाबलं की खळगा पडायचा तो पडूनच राहायचा, आणि आडवं झालं की धाप लागायची म्हणून तो दिवसभर खुर्चीतच बसून होता. सोमवारी सव्वासातला पुन्हा डायलिसिस होतं. तेव्हा तरी आमची गाडी वेळेवर बाहेर निघणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला रविवारी संध्याकाळी इमारतीच्या कार्यालयात बैठक ठेवली होती.

आधी जागेचं सांगते, नाहीतर माझा राग कोणाला कळायचा नाही. आमच्या इमारतीच्या तळघरात चौदा नंबरची पार्किंगची जागा दोन घरांत मिळून एकच आहे. चौथ्या मजल्यावरचं आमचं घर आणि तिसऱ्या मजल्यावरचं बेकरीवाल्याचं. जागा बोळासारखी लांबट. एक गाडी आत भिंतीला, दुसरी तिच्या पुढ्यात, तोंडाशी. तोंडाशी असलेली हलल्याशिवाय आतली निघत नाही. ज्या शहाण्याने नकाशा काढला त्याच्याकडे बहुतेक सायकल असावी. रस्त्यावर गाडी ठेवायची सोय नाही, उजाडायच्या आत उचलून नेतात. टॅक्सी दोनदा मागवून पाहिली. एकदा वीस मिनिटं उशिरा आली, एकदा आलीच नाही.

म्हणून दोन्ही घरांनी एक पद्धत पाडली होती. बेकरीवाल्याच्या गाडीची दुसरी चावी आमच्या दाराआडच्या खिळ्यावर, आमच्या गाडीची त्याच्याकडे. तो रात्री नऊला कामाला निघायचा तेव्हा आमची गाडी आडवी आली तर स्वतःच हलवायचा, आपली बाहेर काढायचा आणि आमची आत भिंतीला लावून जायचा. सकाळी सव्वासहाला भट्टीवरून परतला की आपली गाडी तोंडाशी उलटी लावून झोपायला वर. पावणेसातला मी खाली उतरायचे, त्याची गाडी बाजूला घ्यायचे, आमची काढायचे, त्याची आत भिंतीला लावायचे. सात वर्षांत ‘जरा चावी देता का’ असं कोणी कोणाला विचारलं नाही. माझ्या सख्ख्या जावेला मी माझी शिवणाची कात्रीसुद्धा देत नाही, आणि इथे अख्खी गाडी खिळ्यावर लटकत होती.

सोमवार, बुधवार, शुक्रवार हे नवऱ्याचे दिवस. सव्वासातला तिथल्या खुर्चीत बसायचं, चार तास हलायचं नाही. उशीर झाला तर तेवढा वेळ कापतात, कारण पाठोपाठ दुसरा माणूस त्याच खुर्चीची वाट बघत असतो. त्यांना तरी काय बोलणार? मी शाळेची बस चालवते. त्या तीन दिवशी सकाळची फेरी दुसरी बाई घेते आणि मी दुपारची करते. बाकीच्या दिवशी दोन्ही फेऱ्या माझ्या. एकवीस वर्षं झाली, बसला ओरखडा नाही.

हे चालवणं मला नवऱ्यानेच शिकवलं. तो सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिक्षक होता. सहा फुटांचा माणूस, शिकाऊंच्या त्या छोट्या गाडीत डाव्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. पायाखाली जादा ब्रेक, नजर रस्त्यावर, आणि तोंडाने अखंड सूचना. आरसा. इंडिकेटर. क्लच. मला तर लग्नाचं विचारलं तेही चढावर गाडी थांबवायला लावून. आता तीन वर्षं झाली, डॉक्टरांनी त्याला गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. रक्तदाब कधी खाली बसेल त्याचा नेम नसतो.

झोपून राहिला त्या शुक्रवारच्या बरोबर दोन आठवडे आधी, तोही शुक्रवारच, दुपारी बेकरीवाला आमच्या दारात आला. मी नवऱ्याला डायलिसिसहून आणून झोपवलं होतं आणि स्वयंपाकाला लागले होते.

“वहिनी, माझ्या गाडीचा मागचा दिवा फुटलाय,” तो म्हणाला. “खांबाला लागलीय. हँडब्रेक ओढायचा राहिला असणार, घरंगळली असणार.”

सकाळीच मी त्याची गाडी काढून परत लावली होती. तो उलटी लावतो म्हणून मागची बाजू मला दिसतच नाही.

“मी हँडब्रेक विसरले?” मी म्हटलं. “मी?”

“तसं नाही म्हणत मी. मला एवढंच सांगायचं होतं की...”

“तेहतीस पोरं पाठीशी घेऊन मी रोज चढावर उभी राहते. मला हँडब्रेक शिकवायला आलात?”

“ऐका तर, वहिनी. चावी काही दिवस माझ्याकडे राहू दे. सकाळी फोन करा, मी खाली येऊन...”

माझा राग नाकावर असतो हे सगळी इमारत जाणते. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. खिळ्यावरची चावी ओढली, त्याच्या हातात आपटली आणि म्हटलं, “घ्या. आणि आमची आणून द्या, आत्ता.” दिव्याच्या भरपाईचं त्याने नावही काढलं नाही, तेच मला जास्त झोंबलं. मोठेपणा दाखवतोय! आतल्या खोलीचं दार उघडं होतं. नवऱ्याने हाक मारली नाही. मला वाटलं, झोप लागली असेल.

मग सुरू झाला फोनचा कारभार. पावणेसातला मी तळघरातून फोन करायचे आणि तो उतरायचा, बनियनवर, डोळे तांबारलेले, भुवयांत अजून पीठ. रात्रभर भट्टीपुढे उभा राहून आलेला माणूस अर्ध्या तासाच्या झोपेतून उठवला की कसा दिसतो ते मी पाहत होते, पण मला त्याची कीव येत नव्हती. ‘भोग आपल्या कर्माची फळं’ असं मनातल्या मनात म्हणत होते. रात्री नऊला तो आमची बेल वाजवायचा, तेव्हा मी मुद्दाम दोन मिनिटं जास्त लावायचे.

त्या दोन आठवड्यांत माझी झोप उडाली. चारलाच जाग यायची आणि डोक्यात गणित चालू व्हायचं. तो आज लवकर आला असेल का? झोप गाढ लागली असेल का? फोन लागला नाही तर? रेंज तळघरात कधी असते, कधी नसते, म्हणून मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून फोन करायचे; तिथे हमखास लागतो. रिंग वाजायला लागली की मी मोजायचे. बहुतेक वेळा पाचव्या रिंगला उचलायचा. एकदा नवव्या. त्या दिवशी दिवसभर माझा हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेला होता.

आणि मग परवाचा शुक्रवार. सहा पंचेचाळीसला फोन केला, वाजून वाजून थांबला. सत्तेचाळीसला पुन्हा. पन्नासला पुन्हा. नवरा लिफ्टजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर पांघरुणाची पिशवी. म्हणाला, “वर जाऊन बघ.” मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले, बेल दाबून धरली, दारावर हात आपटला, चप्पल आपटली. समोरच्या घरातल्या बाई डोकावून गेल्या. बेकरीवाला घरात एकटाच, कानात कापसाचे बोळे घालून झोपतो. सात वीसला त्याने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून त्याचं तोंड पांढरं झालं. “गजर... वहिनी, गजर लावला होता,” एवढंच म्हणाला आणि अनवाणी धावला.

आम्ही सात पंचावन्नला पोचलो. नर्सने घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तपासण्या करून सुया लावेपर्यंत आणखी उशीर झाला. “अडीच तास मिळतील,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी असं करू नका. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबायला वेळ लागत नाही.” ती ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने ते अगदी हळू, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं.

त्याच दिवशी मी सचिवांकडे लेखी तक्रार दिली.

आमच्या सचिवांना मी ‘परिपत्रक’ म्हणते. लिफ्टमध्ये कोणी शिंकलं तरी त्यांचं परिपत्रक निघतं. कार्यालय म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. तिथे व्यायामाची एक सायकल आहे, तिच्यावर आजवर कोणी बसलेलं नाही, तिला सापडलेल्या छत्र्या आणि स्वेटर टांगलेले असतात. रविवारी सहाला मी तिथे पोचले तेव्हा बेकरीवाला आधीच आलेला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा बसलेला. नवऱ्याला मी म्हटलं होतं, तूही चल. तो म्हणाला, “मला बसवत नाही, तू जा.” मला ते खरं वाटलं.

परिपत्रकांनी नमनालाच घडाभर तेल घातलं. सामंजस्य, शेजारधर्म, नियमावलीचं कलम अमुक. मग एक छापील अर्ज काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

“वादाचं स्वरूप?”

“चावी,” मी म्हटलं. “ह्यांनी काढून घेतली. ती मला परत हवी. उद्या सकाळी पावणेसातला माझ्या हातात हवी.”

“आपलं म्हणणं?”

बेकरीवाला म्हणाला, “मला काही नको. दिवा मी कधीच बदलून घेतलाय. चावी फक्त माझ्याकडे राहू दे. मी रोज उतरून गाडी काढून देईन. आता दोन गजर लावतो. नाहीतर वहिनी निघेपर्यंत झोपतच नाही, खालीच गाडीत बसून राहतो.”

“तुमच्या गजरावर माझ्या नवऱ्याचा जीव टांगून ठेवू का?”



“चावी न देण्याचं कारण?” परिपत्रकांनी विचारलं.

“हँडब्रेक ओढायचा राहिला होता,” तो खाली बघत म्हणाला. “गाडी घरंगळली. मागे कोणी माणूस असता तर? तळघरात पोरं सायकली फिरवतात.”

“मी ओढला होता,” मी म्हटलं. “आणि शंभरदा विचारलंत तरी शंभरदा हेच सांगीन.”

“घटनेचा दिनांक?”

बेकरीवाल्याने मान वर केली. “ते राहू द्या.”

“रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“झालं गेलं. तारखेचं काय करायचंय?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. चोर सापडल्यासारखं वाटलं मला. “का राहू द्या?” मी ओरडले. “माझ्यावर आळ घेताना जीभ अडखळली नाही, आणि तारीख सांगताना दातखीळ बसली? लिहा ना! दिवस सांगा, वेळ सांगा, सगळं लिहून घ्या!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, काकुळती होती. मला तेव्हा ते कळलं नाही.

“गुरुवार,” तो शेवटी म्हणाला. “मी चावी नेली त्याच्या आदल्या दिवशी. सकाळी सव्वासहाला लावली तेव्हा गाडी धड होती. रात्री नऊला उतरलो तेव्हा फुटलेली.”

गुरुवारी मी पावणेसहाला चालत डेपोत जाते. पहिली फेरी, मग बसची झाडलोट, डिझेल, दुपारची फेरी, घरी यायला पाच वाजतात. गुरुवारी मी तळघराचं तोंडही बघत नाही. ‘गुरुवारी तर मी कामावर होते,’ हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते बाहेर पडायच्या आत मला पुढचं दिसलं. चावी खिळ्यावर होती आणि घरात एकच माणूस होता.

 परिपत्रकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

“गुरुवारी गाडी आपण हलवली होती का?”

आपलेच दात, आपलेच ओठ. मी सायकलवरच्या एका छत्रीकडे पाहिलं. परिपत्रकांनी हे ऐकलं असतं तर सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये कागद लागला असता : वैद्यकीय मनाई असलेल्या रहिवाशांनी वाहन चालवू नये. नाव नसतं, पण सगळ्यांना कळलं असतं. सव्वीस वर्षं अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस लिफ्टमध्ये तो कागद वाचत वर गेला असता, आठवड्यातून तीनदा.

“हो,” मी म्हटलं. “मीच हलवली. हँडब्रेक माझ्याकडून राहिला.”

बेकरीवाल्याने डोळे मिटले. परिपत्रक खुश झाले. ‘चूक मान्य’ असं त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. एकवीस वर्षांत असलं वाक्य माझ्याबद्दल कोणी लिहिलं नव्हतं. मी सही केली.  नवरा त्या दिवशी गाडी चालवताना कोसळला असता तर, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

बाहेर लिफ्टपाशी बेकरीवाल्याने मला गाठलं.

“तुम्ही खोटं लिहिलंत, वहिनी.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सीट पार मागे होती. मी हा एवढासा, तुम्ही माझ्याहून दोन बोटं कमी. शिवाय गाडी इतकी सरळ लावलेली होती की माझ्याने जन्मात तशी लावून व्हायची नाही.” त्याने चावी खिशातून काढली, पण दिली नाही. “मी दादांना विचारलं होतं. चावी नेली त्या शुक्रवारीच सकाळी, तुम्ही गाडी काढत होतात तेव्हा. ते लिफ्टपाशी बसले होते.”

“काय म्हणाला?”

त्याने चावी बोटांत फिरवली.

“काय म्हणाला ते सांगा.”

“म्हणाले, ही घाईत असते, हिच्याकडून राहिला असेल.”

 लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, कोणीतरी वर बोलावली म्हणून निघून गेली.

“आजारी माणसाला बायकोसमोर खोटं कसं पाडायचं?” तो म्हणाला. “पण चावी त्या खिळ्यावर ठेवायचा धीर होईना. म्हणून मागून घेतली. तुम्हाला नीट सांगायला आलो होतो, पण तुम्ही...” पुढचं त्याने गिळलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हेच म्हणायचं असणार, आणि ते खरंच होतं. “चावी घ्या. एकच करा. खिळ्यावर नको. तुमच्या पर्समध्ये ठेवा.”

मी चावी घेतली. उद्याची सकाळ सुटली होती. दोन आठवडे ज्याच्यासाठी मी तळमळत होते ते माझ्या मुठीत होतं, आणि वर घरी जायला मात्र माझे पाय उचलत नव्हते.

नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत घालत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मिळाली?”

“मिळाली. मी कबूल केलं. गुरुवारी गाडी मी हलवली, हँडब्रेक मी विसरले, म्हणून लिहून दिलं.”

त्याच्या बोटांतली गोळी खाली पडली. गोल होती, टेबलावरून घरंगळत माझ्यापर्यंत आली. मी ती उचलली नाही.

“का गेलास खाली?” मी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं लिफ्टमध्ये ठरवलं होतं, ते जमलं नाही. “चक्कर आली असती म्हणजे? पोरं खेळत असतात खाली! तू कोणाच्या अंगावर... तुझं तू...”

“चौकापर्यंत जाऊन यायचं होतं,” तो म्हणाला. “एवढंच. आदल्या दिवशी डायलिसिस झालं होतं, बरं वाटत होतं. म्हटलं, जमतंय का बघू. जमलं तर निदान आठवड्यातून एक दिवस मी एकटा जाईन. तीन वर्षं तू मला सामानासारखं नेतेस आणि आणतेस. सामान तरी बरं, ते वाटेत ओकत नाही.”

“मग?”

“त्याची गाडी बाहेर घेतली, बाजूला उभी केली. एकदम झक्क.” तो थांबला. “मग मी म्हणालो, हँडब्रेक.”

“कोणाला?”

“कोणालाच. मोठ्याने म्हणालो. हँडब्रेक. आणि दार उघडून उतरलो.”

मला क्षणभर कळेना, आणि मग कळलं. सव्वीस वर्षं तो हा शब्द म्हणायचा आणि शेजारचं कोणीतरी हँडब्रेक ओढायचं. शेकडो पोरं, शेकडो बाया, मीसुद्धा. त्याने शब्द म्हटला की काम झालेलं असायचं. मला हसू आलं. खरंच आलं, तोंडातून बाहेर पडलं, आणि अर्ध्यातच त्याचा हुंदका झाला.

“मी धरायला गेलो,” तो म्हणाला. “बोनेट धरून ओढत होतो. पूर्वी एका हाताने थांबवली असती. ती माझ्या हातांतून गेली, सावकाश, मी बघत होतो. आवाजसुद्धा फार झाला नाही. मग ती परत जागेवर लावली आणि वर आलो.”

“आणि माझं नाव का सांगितलंस?”

त्याने डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

“तू एकदा विसरलीस म्हटलं तर लोक हसतील आणि सोडून देतील. तुझी चावी कोण काढून घेणार आहे?”

“घेतली की,” मी म्हटलं. “माझीच तर घेतली. आणि परवा अडीच तासांत तुला परत पाठवलं. नर्स मला काय म्हणाली ते तुला माहीत आहे का?”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “मला ऐकू येतं.”

मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. हा माणूस मशीनला घाबरत नव्हता, सुयांना घाबरत नव्हता. माझ्या तोंडावर खरं बोलण्यापेक्षा मरणाच्या दीड तास जवळ जाणं त्याला सोपं वाटलं होतं. तो शुक्रवारी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला ‘वर जाऊन बघ’ म्हणाला तेव्हाही त्याला सगळं माहीत होतं.

तो टेबलाचा आधार घेऊन उठला.

“कुठे?”

“खाली जाऊन येतो. त्याच्याकडे.”

“मी येते.”

“नको.”

“धाप लागतेय तुला. उद्या जा. नाहीतर मी फोन लावते, तो वर येईल.”

“फोनवर नाही,” तो म्हणाला. “आणि तू नको. लिफ्ट आहे, एकच मजला आहे.” दाराशी गेल्यावर वळला. “त्या कागदावरचं तुझं नावही काढायला सांगतो.”

“कागद राहू दे. परिपत्रकांना खोडायला पुन्हा बैठक बोलवावी लागेल.”

तो हसला नाही. दार उघडं ठेवून गेला. लिफ्टचा आवाज आला, मग बंद झाला. मी घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा.

मी खाली पडलेली गोळी उचलली, पुसली, तिच्या खणात घातली. सात सतरा. दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत पांघरूण भरलं. सात एकवीस. एक मजला खाली जायला किती वेळ लागतो? बोलायला किती? तो दारापर्यंत पोचला असेल ना? बेल दाबायला हात वर केला आणि तिथेच खाली बसला असेल तर? बेकरीवाला कामावर जायच्या आधी एक डुलकी काढतो, कानात कापूस घालून. मी चप्पल घातली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. तो ‘तू नको’ म्हणाला होता.

सात सव्वीसला फोन वाजला. बेकरीवाल्याचं नाव पाहून मी पहिल्याच रिंगला उचलला.

“वहिनी,” तो हळू आवाजात म्हणाला, “दादा इथेच आहेत. बसलेत.”

“काय झालं? श्वास? चक्कर आली का?”

“नाही, नाही. आले तेव्हा दम लागला होता, आता ठीक आहे. पाणी दिलं. बोलले सगळं.” मागे कसलातरी आवाज येत होता, मला तो ओळखता येईना. इतक्या वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता. “रडतायत,” तो म्हणाला. “मी आज थोडा उशिरा निघतो. चहा टाकलाय. तुम्ही लगेच येऊ नका.”

“बरं,” मी म्हटलं.

तीन वर्षांत तो माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. मला वाटायचं, धीराचा आहे. चार माणसांत मी अभिमानाने सांगायचे.

मी गेले नाही. पायात चप्पल तशीच होती, दार उघडंच होतं. आठ वाजेपर्यंत मी उंबऱ्याच्या आत उभी होते.